बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन : आधी काय विचारायचं, नंतर काय सोसायचं?

कुळागर

मंडळी नमस्कार. बाबांना (वय ६६) उजव्या जांघेत हर्निया आहे. खोकलं की फुगा यायचा, आडवं झालं की आत जायचा, म्हणून त्यांनी तो वर्षानुवर्षं अंगावर काढला. आता पाटाचं पाणी वळवायला वाकले तरी ओढ लागते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची बागायत आहे. सुपारी पाडायला माणूस मिळतो, पण गोळा करून घरी आणायची ती बाबांनीच, कितीही सांगा.

सर्जननी तपासून ‘जाळी घालून शिवू या’ म्हटलं. उघडून की दुर्बिणीतून, ते अजून ठरलेलं नाही. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. रात्री लघवीला बऱ्याचदा उठतात. बिडी आहे (अधिकृतरीत्या नाही, आईला सगळं ठाऊक आहे).

घरात वाद असा की बाबा म्हणतात चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे, आई म्हणते आताच उरका. चवथीला अजून अडीच महिने आहेत. माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधणं आणि चित्रशाळेतून (मूर्तिकाराच्या कार्यशाळेतून) मूर्ती आणणं ही दोन कामं बाबांशिवाय कुणी करायची नाहीत असा आमच्याकडे अलिखित कायदा आहे. ज्यांनी हे भोगलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. मी तिशीतला आहे, अरेतुरे चालेल.

मांडवीकाठ

माझं डाव्या बाजूचं झालंय, उघडून, जाळी घालून. कापल्याची दुखापत मला फार जाणवली नाही. छळलं ते तिसऱ्याच गोष्टींनी. एक, पोट साफ होईना. वेदनाशामक गोळ्यांत ट्रामाडोल असेल तर आतडी सुस्तावतात, आणि टाक्यांवर जोर येईल या भीतीने माणूस कुंथतही नाही. पहिल्या दिवसापासून इसबगोल किंवा डॉक्टर देतील ते पातळ औषध सुरू ठेवा, अडल्यावर नव्हे. दोन, अंथरुणातून सरळ उठायला गेलो की जीव जायचा. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर उठायचं. हे ऑपरेशनच्या आधीच घरी करून बघायला सांगा बाबांना.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक. वृषणाची पिशवी सुजून काळीनिळी झाली. मी हादरलोच. सर्जन म्हणाले, रक्त उताराला लागून खाली साचतं, आठवड्या-दोन आठवड्यांत रंग जातो. घट्ट अंडरवेअर किंवा लंगोट बांधला की बरं वाटतं. फक्त वृषण दगडासारखं घट्ट झालं आणि दुखणं वाढत चाललं तर थांबायचं नाही, परत जायचं.

डिचोलीचा दिनू

एवढ्यात कापाकापी कशाला? आमच्या एका नातेवाइकाने पट्टा लावून वीस वर्षं काढली. पोटाला तेल लावून चोळायचं, जड उचलायचं नाही, संपलं.

टाकेवाला

दिनूराव, मी पेशाने सर्जन, म्हणून मध्ये पडतो. पट्ट्याने भोक बुजत नाही. फुगा आत ढकलून मग पट्टा बांधला तर थोडा आधार मिळतो, आणि फुगा बाहेर असताना बांधला तर आतडं पट्ट्याखाली दाबलं जातं. बाहेर आलेल्या हर्नियावर चोळणं तर बिलकूल नको.

पण तुमच्या ‘एवढ्यात कशाला’मध्ये तथ्य आहे. अमेरिकेत २००६ साली ७२० पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांना त्रास नाही किंवा अगदी कमी आहे त्यांनी नुसतं लक्ष ठेवलं तर आतडं अचानक अडकण्याचा धोका फार थोडा निघाला, हजार माणसांमागे वर्षाला दोनाहून कमी. म्हणून ‘उद्याच्या उद्या करा नाहीतर फुटेल’ असं कुणी घाबरवलं तर दुसरा सल्ला जरूर घ्यावा. गंमत अशी की त्याच लोकांचा पुढे दहा वर्षं मागोवा घेतला तेव्हा दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं, मुख्यतः दुखतं म्हणून. कुळागरच्या बाबांना वाकताना ओढ लागते, काम कष्टाचं आहे. म्हणजे ते ‘त्रास नसलेले’ राहिलेले नाहीत.

आता जाळी. जांघेत पोटाच्या भिंतीला जिथे नैसर्गिक कमजोरी असते तिथे आतला भाग बाहेर डोकावतो. पूर्वी आजूबाजूचे स्नायू ओढून शिवायचे, त्यात ताण पडायचा आणि हर्निया पुन्हा यायचा. खिडकीला डासांची जाळी ठोकतात तशी आता पॉलिप्रोपिलीनची जाळी त्या जागी बसवतात आणि शरीराचे तंतू त्या छिद्रांतून वाढून ती कायमची धरून ठेवतात. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन यांनी ही ताण न देणारी पद्धत रूढ केली. उघडून करायच्या ऑपरेशनात आजही तीच सगळ्यांत जास्त चालते.

दुर्बिणीतून केलं तर छेद लहान, सुरुवातीचं दुखणं कमी, कामावर लवकर. पण त्याला बहुधा पूर्ण भूल लागते आणि करणाऱ्याचा हात त्यात बसलेला असावा लागतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा एकदा उघडून केलेला परत आला असेल, तर माझा कल दुर्बिणीकडे. एका बाजूचा, पहिल्यांदाच, वय साठीच्या पुढे, तर उघडून करण्यात कमीपणा काही नाही. ‘तुम्ही स्वतः कुठली पद्धत जास्त करता?’ हा प्रश्न सर्जनला सरळ विचारा. चांगला सर्जन चिडत नाही.

आणि बाबांच्या रात्रीच्या लघवीचं आधी बघा. प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेलं असेल तर दोन घोटाळे होतात. ऑपरेशननंतर लघवी अडते आणि नळी घालावी लागते. शिवाय रोज जोर लावून लघवी करणारा माणूस नव्या शिवणीवर रोज ताण देतो. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता यांचंही तेच. ही तीन दुखणी ताब्यात आणल्याशिवाय मी तरी तारीख देत नाही.

ओटीताई

माझी उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, आता निवृत्त. कुळागर बाळा, त्या दिवशी काय काय होतं ते सांगते, कारण घरच्यांना दाराबाहेर बसून नुसता लाल दिवा दिसतो.

आदल्या दिवशी किंवा सकाळी भरती. नखांचा रंग, अंगठ्या, कवळी, गळ्यातलं सगळं उतरवायचं. बायका मंगळसूत्र उतरवायला का-कू करतात, पण कॉटरी म्हणजे विजेवर चालणारं उपकरण असतं, अंगावर धातू नको. जांघेतले केस घरी वस्तऱ्याने काढून येऊ नका, बारीक जखमा होतात आणि त्यातून जंतू शिरतात. लागलेच तर आम्ही मशीनने काढतो. कुठली बाजू ते शाईने अंगावर खूण करून घेतात. बाबांना तीन-चार वेगवेगळी माणसं येऊन नाव, ऑपरेशन आणि बाजू विचारतील. ‘यांना काही माहीतच नाही वाटतं’ असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेली तपासयादी आहे, भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी थांबून मोठ्याने वाचायची. विचारणारा कंटाळला तरी बाबांनी कंटाळू नये.

थिएटर थंडगार असतं, कुडकुडायला होतं. पांघरूण मागा, लाजू नका. हर्नियाचं खरं काम तास-सव्वा तासाचं. पण आत नेणं, भूल, नंतर रिकव्हरीत ठेवणं धरून माणूस वॉर्डात यायला तीन-चार तास सहज जातात. आधीचं ऑपरेशन लांबलं तर त्याहून जास्त. उशीर म्हणजे काही बिघडलं असं धरून बायकांनी रडारड सुरू केलेली मी किती पाहिली आहे.

संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचा. त्यात ‘दुर्बिणीतून जमलं नाही तर उघडून करावं लागेल’ असं वाक्य असतं. ते झालं तर तो सर्जनचा शहाणपणा समजायचा.

भूलतज्ज्ञ रजेवर

नावाप्रमाणे रजेवर आहे, तरी लिहितो.

उपाशी राहण्यावरून सगळ्यांत जास्त गोंधळ असतो. हलकं घन अन्न सहा तास आधी बंद, तळलेलं किंवा मटण-बिटण आठ तास. निव्वळ पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो, अर्थात तुमच्या रुग्णालयाने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरत नाहीत, तो जेवणात जातो. आपल्याकडे पहाटे पोदेर (पाववाला) आला की माणसाला राहवत नाही, आणि ‘एकच पाव, चहात बुडवून’ खाल्लेला रुग्ण टेबलावर आल्यावर खरं बोलतो. मग केस पुढे ढकलावी लागते. भूल दिल्यावर पोटातलं घशात येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून हा हट्ट.

मधुमेहाची गोळी कुठली ते नावासकट लिहून आणा. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल (डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे) तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर ती कधी थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. मेडिकल स्टोअरवाला किंवा शेजारी ठरवत नाही.

उघडून करणार असतील तर बहुधा मणक्यातून भूल. बसवून किंवा कुशीवर घेऊन कमरेत बारीक सुई, मग पाय जड होतात. दोन ते चार तासांत संवेदना परत येते. रुग्ण जागा असतो, आवाज ऐकू येतात, कुणीतरी आत ओढतंय असं जाणवतं, दुखत नाही. घाबरणारा असेल तर झोपेचं औषध देतो. ‘मणक्यात सुई म्हणजे जन्माची कंबरदुखी’ ही समजूत सोडा. सुईच्या जागी काही दिवस ठणकतं, एवढंच. डोकेदुखी मात्र काहींना होते, आणि ती ओळखायची खूण पक्की आहे. बसलं की वाढते, आडवं झालं की कमी होते. तसं झालं तर घरी बाम चोळत बसू नका, फोन करा, त्यावर उपचार आहे.

बिडी. चार आठवडे आधी बंद झाली तर फुप्फुसांना आणि जखमेला खरा फायदा. तेवढं जमलं नाही तरी जितकी आधी तितकी बरी.

कुळागर

टाकेवाला सर, ओटीताई, भूलतज्ज्ञ साहेब, मनापासून आभार. गोळीचं नाव पाहिलं, शेवटी ग्लिफ्लोझिनच आहे! कुणी विचारलंच नव्हतं. उद्याच फोन करतो. बिडीबद्दल बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले ‘ह्या डॉक्टराक सांग, रजेवर आसा तर रजा घे.’

एक प्रश्न राहिला, वजन कधी उचलायचं? एकाने दोन आठवडे सांगितलं, दुसऱ्याने तीन महिने.

टाकेवाला

दोघंही आपापल्या काळातलं सांगतायत. ताण देऊन शिवायच्या जमान्यात तीन महिने सांगायचे. जाळी आल्यावर ते कमी होत गेलं. आता जागतिक मार्गदर्शक सूचना म्हणतात की दुखण्याने अडवलं नाही तर रोजची कामं लगेच सुरू करा. त्याच संध्याकाळी चालायचं, जिना चढायचा. जड वजनाला दोन-तीन आठवडे थांबा म्हणणारे आहेत, माझ्यासारखे जुने लोक चार ते सहा म्हणतात. बागायतीतला माणूस ‘हलकं’ म्हणून वीस किलो उचलतो हे मी पाहिलंय, म्हणून मी सहालाच चिकटून राहतो.

तुमचा हिशेब मांडू. आजपासून चार आठवडे बिडी बंद, साखर आणि लघवी ताब्यात, मग ऑपरेशन. चवथीला सहा आठवडे उरतात. शिडीवर चढून माटोळी बांधायला हरकत नाही. मूर्ती दोघांनी धरायची. आईंचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ‘आताच’ म्हणजे उद्या नव्हे.

रापण

सगळं झालं, मूळ मुद्द्याचं कुणी बोलेना. मासे कधी?

आमच्याकडे मला महिनाभर मासे दिले नाहीत, टाके पिकतात म्हणून. नारळ नाही, भात नाही, अंडं नाही. रोज मुगाचं पाणी आणि पेज. मी ऑपरेशनने नाही, पेजेने खंगलो.

ओटीताई

रापण भाऊ, माशांनी टाके पिकत नाहीत. पिकतात ते जंतूंनी, वाढलेल्या साखरेने, आणि दहा लोकांनी येऊन ‘बघू, बघू’ म्हणत ड्रेसिंगला हात लावल्याने. जखम भरायला प्रथिनं लागतात. मासे, अंडी, डाळ, कडधान्यं यांतूनच ती मिळणार. पहिल्या दिवशी उलटी थांबली की पाणी, मग उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड चालते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साधं जेवण. आमच्याकडे आजाऱ्याला मुडदुशे (एक प्रकारचे मासे) देतात ते उगाच नाही, पचायला हलकं असतं. फक्त तळू नका, मसाला बेताचा. बाबांना मधुमेह आहे म्हणून पेजेचा मारा नको, निव्वळ पेजेने साखर चढते आणि पोटात प्रथिनं जात नाहीत.

घरी गेल्यावर काय पाहायचं तेही लिहून टाकते. पहिले एक-दोन दिवस अंग किंचित गरम लागतं, ते बहुधा शरीराची प्रतिक्रिया असते. जंतूंचा ताप साधारण पाचव्या-सातव्या दिवसाकडे डोकं काढतो. जखमेभोवती लाली पसरतेय, पू आहे, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलंय, ताप १०१ फॅरनहाइटच्या वर जातोय, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका. सारख्या उलट्या, पोट फुगलंय आणि वाराही सरत नाही, सहा-आठ तास लघवीच नाही, यालाही तोच नियम. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर रिक्षा शोधू नका, १०८ ला फोन करा. याउलट जखमेखाली लाकडासारखी कडक वळ लागणं, आजूबाजूची कातडी बधिर होणं, जागेवर पाणी साठून गोळा आल्यासारखं वाटणं, यांतलं बरंच काही आपोआप ओसरतं. गोळा आला की लोकांना हर्निया परत आला असं वाटतं. दाखवून घ्या, पण सुईने पाणी काढा म्हणून मागे लागू नका.

पेडण्याची सून

धागा हर्नियाचा आहे, पण माझं पित्ताशय दुर्बिणीने काढलं तेव्हाचं एक सांगते, कुणाला उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. सासूबाई म्हणाल्या टेबलावरून हात लोंबत राहिला असणार. सिस्टरनी समजावलं की पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, उरलेल्या वायूने पोट आणि छातीमधल्या पडद्याला चीड येते, आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्याला कळतं. चालत राहिल्यावर दोन-तीन दिवसांत गेलं.

‘पित्ताशय काढलं, आता पचणार कसं?’ हे मला अर्ध्या गावाने विचारलं. पित्त यकृत बनवतं, पिशवी नुसती साठवायची. पिशवी गेल्यावर ते थेट आतड्यात ओघळतं. सुरुवातीला तेलकट खाल्लं की पोट सैल व्हायचं, हळूहळू बसलं.

बाटलीतून खडे दिले ते सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले. पिशवीचा तपासणी अहवाल मात्र आणायचा राहतोच लोकांचा. क्वचित त्यात कर्करोग निघतो, म्हणून अहवाल हातात घेऊन सर्जनला दाखवल्याशिवाय प्रकरण मिटलं म्हणू नका.

दोडामार्गकर

आम्ही सीमेपलीकडचे, पण मोठं दुखणं आलं की बांबोळीच, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं (गोमेकॉ) सरकारी रुग्णालय. २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना गोमेकॉत शुल्क आहे, ते धरून पैसे बरोबर ठेवतो. कुळागर, तुमच्याकडे दीनदयाळचं (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) कार्ड असेल ना? गोव्यात पाच वर्षं वास्तव्य असलेल्यांना मिळतं. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. नूतनीकरण झालंय का ते आजच बघा, आणि हे ऑपरेशन तुमच्या रुग्णालयात त्यात बसतं का ते भरती होण्याआधी विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारणाऱ्यांची तोंडं मी काउंटरवर पाहिली आहेत.

ओपीडीला जाताना युनिटचा वार विचारून जा. ज्या सर्जनने पाहिलं त्यांचाच वार गाठलात तर पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागत नाही. आणि पार्किंगचं… असो, त्याला वेगळा धागा लागेल.

मोपाचा प्रवासी

वाचनमात्र होतो, एक शंका म्हणून लिहितो. माझ्या पोटात जाळी आहे. विमानतळावर यंत्र वाजेल का? आणि पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर?

टाकेवाला

वाजणार नाही. पॉलिप्रोपिलीन म्हणजे प्लास्टिकचाच प्रकार, धातू नाही, आणि एमआरआयलाही ती जाळी आड येत नाही. दुर्बिणीतून केलेल्या काही ऑपरेशनांत जाळी धरायला टायटॅनियमचे बारीक स्क्रू वापरतात. त्यांनीही सहसा अडत नाही, पण एमआरआयवाल्याला सांगावं. म्हणून डिस्चार्ज कार्ड फाडून टाकू नका. जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर त्यावर चिकटवलेलं असतं, कुठल्या कंपनीची, केवढी, सगळं त्यात असतं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पावसात आपल्याकडे कागदाला बुरशी लागते.